तिसऱ्या भागातलं वारं

५ जानेवारी, रविवार

शेठनी सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. कुठल्यातरी सराफानं नवीन वर्षाच्या म्हणून दिलेल्या, प्रत्येक पानाच्या खाली हाराचं चित्र. भाऊसोनं त्याची डायरी चहाच्या पातेल्याखाली ठेवली. मी म्हटलं आपण लिहायची. आठवीत शाळा सोडली, त्यानंतर पेन धरलं ते फक्त मालाच्या पुड्यांवर नावं टाकायला. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं येतंय. येऊ दे. माझं मलाच वाचायचं आहे.

मी इंद्रजित. गाव आटपाडीच्या पलीकडं, मुक्काम सेलम, तमिळनाडू. काम गलाईचं, म्हणजे जुने दागिने वितळवून त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं. दुकान लालासाहेब शेठचं, ते विट्याकडचे. भट्टीवर आम्ही दोघं, मी आणि कडेगावचा भाऊसो. तो माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठा. शेठचा नियम असा की नवीन माणसानं तीन वर्षं पुरी केल्याशिवाय गावाकडं जायचं नाही. माझं एक वर्ष दहा महिने झाले.

आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. 'ग्रे लँटर्न'चा तिसरा भाग आला. वरच्या खोलीत आमचा टीव्ही आहे आणि समोरच्या मोबाईलवाल्याकडनं घेतलेला गेमचा जुना डबा. रविवारी दुपारी भट्टी बंद असते तेव्हा खेळतो. पहिला भाग मी सात वेळा संपवला, दुसरा तीन वेळा.

खेळ असा: एक माणूस आहे, त्याला कंदीलवाला म्हणतात. कोंडून ठेवलेली माणसं तो बाहेर काढतो. मारामारी करता येते, पण त्यात राम नाही. खरी मजा न दिसता आत शिरण्यात आणि न दिसता बाहेर येण्यात.

पहिल्या भागात दिसला की संपलं. पहारेकऱ्याची नजर पडली की घंटा, आणि परत पहिल्या दारापासून सुरुवात. दुसऱ्यात त्यांनी ते सोपं केलं, इतकं की पहारेकरी येडे झाले. पिंपाच्या मागं बसायचं, दहा आकडे मोजायचे, तो विसरतो. जोडीदार शेजारी आडवा पडलाय तरी म्हणतो उंदीर असेल. म्हणून तिसऱ्याची मला भीती होती.

आज तीन तास खेळलो. अजून मत देत नाही. फक्त एवढं लिहितो की एका पहारेकऱ्यानं मला बघितलं, मी लपलो, तो निघून गेला. मग परत आला तो हातात दिवा घेऊन, आणि मी लपलो होतो त्याच कोपऱ्यात त्यानं पहिल्यांदा उजेड टाकला. तो विसरला नव्हता.

डबा बंद केला आणि ही डायरी उघडली.

८ जानेवारी

आज ॲसिडचा दिवस. नारिंगी धूर चिमणीतनं वर जायला पाहिजे, निम्मा दुकानातच फिरतो. खोकला आला, बराच वेळ थांबला नाही. शेठपण असेच खोकतात, त्यांची तीस वर्षं गेली या धंद्यात. भाऊसो म्हणाला, "आता तू पक्का गलाईवाला झालास." बरं वाटलं.

१२ जानेवारी, रविवार

कुत्र्यानं जीव खाल्ला.

आधीच्या दोन्ही भागांत कुत्रा म्हणजे चार पायांचा पहारेकरी. डोळ्यांसमोर आलास तरच भुंकणार. इथं मी भिंतीआड, अंधारात, पाय न वाजवता बसलोय, आणि ते नाक वर करतंय आणि सरळ माझ्याकडं चालत येतंय. सात वेळा धरलं. सातव्यांदा धरलं तेवढ्यात आबांचा फोन.

आबा सध्या मेंढरं घेऊन इस्लामपूरच्या पुढं आहेत. ऊस तुटून गेला की तिकडचे लोक खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. दिवाळीनंतर आमचं घर म्हणजे तेच, आई-आबा आणि दोनशे मेंढरं, आज या रानात, उद्या त्या.

"काय करतूयास?" आबा.

"काय न्हाई. कुत्र्यानं धरलं." माझ्या तोंडातनं निघून गेलं.

"कुठलं कुत्रं?"

आता बावीस वर्षांचा बाप्या टीव्हीवर चोर-शिपाई खेळतोय हे आबांना कसं सांगायचं? मी म्हणालो, "मला न्हाई. हितं एक वखार हाय, तितं राखणीला कुत्री हायत. एक माणूस आत जाय बघतुया, त्येला धरतंय. सात बारी धरलं."

"चोर हाय व्हय त्यो?"

"न्हाई आबा. आत कोंडून घातलेल्याला बाहीर काढाय जातूय."

मागं मेंढरांचा आवाज. मग आबा म्हणाले, "वारं कुठनं हुतं?"

"आँ?"

"वारं रं. लांडगा वाघरीवर येतूय तवा वारं पाठीवर घिऊन कवाच येत न्हाई, तोंडावर घिऊन येतूय. कुत्र्याचं समदं नाकात असतंय. त्या माणसाला म्हणावं आधी गवत बघ, कुठल्या अंगाला वाकतंय."

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. ते लावताना आबा मूठभर माती वर सोडतात हे मी लहानपणापासून बघत आलोय, पण का सोडतात हे कधी विचारलं नव्हतं.

फोन ठेवला आणि टीव्हीकडं बघितलं. गवत वाकत होतं. मी ते शोभेचं समजत होतो. सगळ्या वाड्याला वळसा घालून, वारं तोंडावर घेऊन पलीकडनं शिरलो. कुत्रं पाय ताणून झोपलेलं.

ज्यानं हा भाग बनवला त्यानं कधीतरी मेंढरं राखली असणार. नाहीतर राखणाऱ्याला विचारलं असणार. पहिले दोन भाग बनवताना त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं, हे आज कळलं.

१५ जानेवारी

पोंगल, दुकान तीन दिवस बंद. शेठ मदुराईला गेलेत. बोटं दुखेपर्यंत खेळलो.

आता मत देतो. हा भाग आधीच्या दोघांचा बाप आहे.

पहिल्यात अंधार म्हणजे अंधार, दिवा विझवला की तुमचं राज्य. इथं दिवा विझवला तर पहारेकरी म्हणतो, आत्ता तर जळत होता, आणि बघायला येतो. म्हणजे अंधारसुद्धा माग ठेवतो. मग मी काय केलं, दिवे विझवलेच नाहीत. उजेडात चालायला शिकलो, तो पाठमोरा झाला की. पहारेकऱ्यांना नावं आहेत. एकाला दातदुखी आहे, तो दर थोड्या वेळानं गाल धरून खिडकीशी थांबतो. त्याला मारायला माझा हात उठला नाही. दुसऱ्या भागात मी असली दोनशे माणसं आडवी केली असतील, एकाचं तोंड आठवत नाही.

आणि दिसलास म्हणजे संपलं, असं इथं नाही. दिसलास तर पुढची गोष्ट वेगळी होते, एवढंच. पळ, लप, वेश बदल, दुसऱ्या वाटेनं ये. पहिल्या भागात मी भीतीनं खेळायचो. इथं डोक्यानं खेळतोय.

खोटं कशाला लिहू, खोडी पण आहेत. प्रत्येक ठिकाणी पाऊस. सुरुवातीला पंधरा मिनिटं नुसती इंग्रजी बडबड. कंदीलवाला मधूनच विनोद करतो, तो भाऊसोला पण आवडत नाही.

भाऊसो शेजारी शेंगा फोडत बसला होता. म्हणाला, "आन ह्ये 'टॉक' लिवलेलं बटन कशाला दिलंय?"

"बोलायला. पहिल्या दोन भागात नव्हतं. बारक्या पोरांसाठी आसंल."

"दाबून बघ की."

"लपायच्या खेळात बोलतंय कोण, गड्या?"

"व्हय, त्ये बी खरं," म्हणाला आणि टरफलं गोळा केली. आमच्याकडं टरफलंसुद्धा केरात जात नाहीत. खालचा केर, हातपाय धुतलेलं पाणी, सगळं साठवायचं. त्यात सोन्याची कणी असते.

१९ जानेवारी, रविवार

आबांचा परत फोन. आधी पंधरा दिवसांनी एकदा करायचे, आता तीन-चार दिवसांनी येतो. त्यांना त्या वखारीचा नाद लागलाय असं दिसतं. लाज वाटते, पण सांगायला मजा पण येते.

आज दमाचं सांगितलं. तिसऱ्या भागात कंदीलवाला लय पळाला की धापा टाकतो, आणि ते पहारेकऱ्याला ऐकू जातं. श्वास दाबून धरायचं बटन आहे, पण दाबून धरला की सोडताना दुप्पट आवाज होतो. ही एवढी बारीक गोष्ट कुणाच्या डोक्यातनं आली असेल.

मी म्हणालो, "आबा, त्या माणसाला दम लागतूय. दाबून धरला तर जास्तीच वाजतूय."

"कुणाला दम लागतूय?" आबा म्हणाले.

"त्या माणसाला."

"आसं," म्हणाले. मग मला खोकला आला. मी फोनच्या भोकावर अंगठा दाबला, तोंड फिरवून खोकून घेतलं, मग अंगठा काढला. ही युक्ती मी दिवाळीपासून करतोय. आईनं ऐकलं तर जेवायची नाही. आबा तिकडं थांबून होते. म्हणाले, "जेवलास का?"

२७ जानेवारी

जुन्या पोत्यांचा दिवस. भट्टीपुढं बसायची गोणपाटं वर्षानं जाळतात आणि राखेतनं सोनं काढतात. यंदा चांगलं निघालं. धुरानं मला खोकला लागला तो पाच-दहा मिनिटं. भाऊसो म्हणाला, "इंद्या, तुला जाळला तर गुंजभर तरी निघंल."

"तू आधी बसलायस भट्टीवर. तुज्यातनं तोळा निघंल."

शेठ हसले आणि हसता हसता त्यांना पण खोकला लागला. मग आम्ही तिघंही खोकत बसलो. लय हसलो.

२ फेब्रुवारी, रविवार

शेवटच्या ठिकाणी आलो. समुद्रात एक बेट, त्यावर मिठागर, तिथं शंभर माणसं कामाला कोंडलेली. त्यांना बाहेर काढायचं. एकच फाटक, फाटकावर एक म्हातारा. त्याच्याकडं हत्यार नाही, नुसती स्टुलावर बैठक. छपरावरनं गेलो, गटारातनं गेलो, होडीखाली लटकून गेलो. आत जाता येतं. शंभर माणसं घेऊन बाहेर येता येत नाही. कुणीतरी बघतंच, आणि ज्यानं बघितलं तो विसरत नाही.

आठ दिवस आता हेच डोक्यात.

झोप लागत नाही. छाती भरल्यासारखी होते, उशी दोन घेतल्या की बरं. अजून तेरा महिने. आबांची मेंढरं आता कराडच्या पुढं सरकली असतील. तिकडं या दिवसांत सकाळी रानावर धुकं असतं, ते नाकाला गार लागतं. इथं नाकाला कायम काहीतरी पिवळं लागलेलं असतं.

९ फेब्रुवारी

ठरलं. निघून जायचं.

आधार कार्ड शेठच्या तिजोरीत आहे, सगळ्यांचं असतं. ते गेलं तर गेलं. तेवीस तारखेला रविवार आहे. शेठ जेवून दीड ते तीन आडवे होतात. खालचं दार उघडं असतं, पण त्यांची खाट दारातच. मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीवरनं शेजारच्या गच्चीवर जाता येतं. तिथनं जिना. चार दिवस बघतोय, शेजारची म्हातारी दोन वाजता कपडे काढायला येते. अडीचला गेलं पाहिजे.

दोन भागांनी जे शिकवलं नाही ते तिसऱ्यानं शिकवलं. घाई करायची नाही, आधी माणसांच्या सवयी बघायच्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

भाऊसोला सांगितलं. सांगायला नको होतं.

तो म्हणाला, "शेठला इचारलंस?"

"इचारून काय? नियम हाय तीन वर्षांचा."

"इचारलंस का म्हणतुया मी."

"न्हाई."

"मग ऐक. सोन्याच्या दुकानातनं न सांगता गेलेला माणूस म्हंजी चोर. तू काय बी नेऊ नगंस, हात हलवत जा, तरी चोर. शेठचा फोन विट्याला जाईल, विट्यातनं खानापुराला, तितनं आटपाडीला. गलाईवाली समदी आपल्याच बाजूची. तुज्या आबाला उद्या कोण आपल्या रानात मेंढरं बसवू देईल?"

मी म्हणालो, "मी कणभर बी नेनार न्हाई."

"आरं पर कुनी बघितलंय?"

त्याचा राग आला. उठून वर आलो आणि बेटावर गेलो. छपरावरनं पडलो. धरलं.

बेत तोच. तेवीस तारीख.

२० फेब्रुवारी

आबांचा फोन लागत नाही. कोयनेकडं सरकले असतील, तिथं रेंज नसते. आईला लावला. ती म्हणाली, "येळंला जेव. हातरूण नीट घडी घालून ठिवत जा." मी म्हणालो आबा कुठं आहेत. म्हणाली, "हायत की." मग म्हणाली मेंढरं आवरायची आहेत आणि ठेवला. मेंढरं आवरायचं काम तर आबांचं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते सगळं लिहिणार आहे, कितीही पानं लागू देत.

अडीचला पाच मिनिटं कमी होती. मी टाकीजवळ उभा, पाठीला पिशवी. वाकून शेजारच्या गच्चीत बघितलं, म्हातारी कपडे काढून गेलेली. खाली शेठची खाट. मी पाय उचलला आणि खालनं आवाज आला.

"हितं इंद्रजित आकाराम म्हणून पोरगं कामाला हाय का?"

आवाज ओळखायला वेळ लागला नाही. पाय खाली घेतला.

आबा पुढच्या दारात उभे होते. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मिरजेहून बेंगळूर, तिथनं सेलम. रेल्वेत आयुष्यात पहिल्यांदा बसले. पत्ता मी आईला पाठवलेल्या पार्सलच्या कागदावरचा. तो कागद वाटेत दिसेल त्या माणसासमोर धरत इथवर आले.

मी जिन्यावरनं उतरलो. पिशवी पाठीवरच राहिलेली. आबांनी पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. भाऊसोनं पुढं होऊन ती माझ्या पाठीवरनं काढली आणि कोपऱ्यात ठेवली, जशी काय पाव्हण्याचीच पिशवी.

शेठ उठून बसले. गावाकडचं माणूस म्हटल्यावर चहा सांगितला. आबांनी वहाणा दाराबाहेर काढल्या, काठी भिंतीला टेकली, खाली बसले. आधी पाऊसपाणी झालं. विट्याकडं कुणाचं रान कसं आहे ते झालं. चहा बशीत ओतून संपवला. मग म्हणाले, "शेठ, पोराला न्यायला आलोय."

"पाव्हणं, हितं तीन वर्षांचा नियम हाय," शेठ म्हणाले.

"आसंल की. मी कुठं मोडतूय म्हंतूय. इचाराय आलोय."

शेठ काही म्हणायला गेले आणि त्यांना खोकला लागला. नेहमीचा, लांबडा. आबा मान खाली घालून ऐकत होते. कळपात बसल्यावर ऐकतात तसे, एक कान वर. शेठचा संपला आणि माझा सुरू झाला. मी दाबायला गेलो, दुप्पट आला.

आबा म्हणाले, "शेठ, तुमाला किती वरसं झाली खोकताय त्येला?"

शेठनी बोटांवर मोजलं. "वीस-बावीस झाली असतील."

"ह्येला दोनच झाल्यात." आबांनी पेला बाजूला ठेवला. "आमच्यात मेंढरू खोकाय लागलं की त्येला कळपातनं काढत्यात. टाकून देत न्हाईत, वाऱ्याच्या अंगाला बांधत्यात. एवढंच मागतूय."

मला वाटलं शेठ आता नियम सांगतील, विट्याला फोन लावतील. ते उठले. आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात माझं आधार कार्ड होतं. आबांच्या हातात दिलं, माझ्या नाही.

"बरा झाला तर परत पाठवा," म्हणाले. "न्हाई झाला तर नगा पाठवू." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आरं, मला इचारायचं हुतंस की."

निघताना आमच्यात झाडून जायचं असतं. कपडे पांढऱ्या चादरीवर झटकायचे, नखं काढायची, हातपाय पिंपात धुवायचे. मी सगळं केलं. माझं झालं तसे आबा उठले, फेटा काढला, चादरीवर झटकला, घोंगडी झटकली आणि पिंपात पाय धुवायला लागले.

शेठ म्हणाले, "आवं, तुमी कशाला?"

"मी बी आत आलोय न्हवं. उद्या कुणी काय म्हनू नगं."

भाऊसो दारात उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं तेव्हा मी मान खाली घातली. आबा आले तेव्हा टाकीवरनं जायला पाचच मिनिटं राहिली होती.

गाडीला वेळ होता म्हणून आबांना वर नेलं. त्यांनी टीव्ही बघितला, डबा बघितला. म्हणाले, "ह्येच का त्ये कुत्रं?"

"तुमाला म्हाईत हुतं?"

"पयल्याच दिशी कळलं. सात बारी धरलेला माणूस आठव्या बारीला कुत्र्याकडं माघारी जातूय व्हय? खरं कुत्रं एकदा धरलं की माणूस गाव बदलतूय."

"मग बोलला न्हाईसा?"

"तू बोलत हुतास न्हवं. बोलू दिलं."

"आन खोकला? मी तर ऐकू येऊ देत नव्हतो."

आबा खाटेवर बसले. "मधीच गप हुयाचास. बोलता बोलता एकदम कायबी न्हाई, ना रस्त्याचा आवाज, ना भांड्याचा. तवर तुझा सगळा बाजार ऐकू यायचा. मग म्हनलं ह्यो काय तर दाबतूय." मग म्हणाले, "दाव की कुत्रं."

मी लावलं. वाड्याला वळसा घालून कंदीलवाला गवतातनं चालला. आबा पुढं सरकून बसले. कुत्र्यानं नाक वर केलं तेव्हा त्यांची मान पण वर गेली. "बराबर हाय," म्हणाले. "कान बी बराबर टाकलाय. कुणी केलंय ह्ये?"

मी म्हणालो परदेशातल्या लोकांनी.

"त्यास्नी मेंढरं हायत वाटतं," आबा म्हणाले.

टीव्ही, डबा, तिन्ही भाग, सगळं भाऊसोला दिलं. तो म्हणाला, "मला खेळाय येतंय कुठं?" मी म्हणालो येईल. तो पिंपाजवळ बसून राहिला. त्याच्या खोकल्याकडं मी आजवर कधी कान दिला नव्हता. आज जिना उतरताना दिला.

२ मार्च, रविवार

पाटणच्या अलीकडं, नदीच्या काठाला. छाती दाखवली. डॉक्टर म्हणाले धुरानं झालंय, आता त्या धुरात परत जायचं नाही, सहा महिन्यांनी परत बघू. बरं होईल का विचारलं तर म्हणाले, लवकर आणलाय. आबांनी तेवढ्यावर मान हलवली.

दुपारी भाऊसोचा फोन आला. शेठनी चिमणीला नवीन पंखा बसवायला माणूस बोलावलाय म्हणे, आणि स्वतःही छाती तपासून घ्यायला गेले होते. मग आवाज बारीक करून म्हणाला, "इंद्या, बेट संपवलं."

माझा विश्वास बसेना. "कसं?"

"मला छपरावर चडता येईना झालं. मग म्हनलं फाटकाकडनंच जाऊ. कंदील लावला, त्या म्हाताऱ्याफुडं जाऊन हुबा राह्यलो आन ते बटन दाबलं. टॉकचं."

"मग?"

"त्यानं इंग्रजीत कायतरी इचारलं. खाली दोन उत्तरं आली, मी वरचं दाबलं. त्यानं किल्ली काढून दिली. शंभर माणसं रांगेनं बाहीर. आरं, कुत्रं बी उठलं न्हाई."

मी तीन आठवडे छपरावरनं फिरत होतो. तीन भागांत मिळून मला वाटतं चारशे तास. पहिल्या भागात म्हातारा नव्हता, दुसऱ्यात असता तर मी त्याला पहिल्यांदा आडवा केला असता. तिसऱ्यात त्यांनी त्याला दारात बसवला, हातात किल्ली दिली आणि मला एक बटन दिलं. दोन महिने ते माझ्या अंगठ्याखाली होतं.

भाऊसोला म्हणालो, "आन तू शेठला इचारलंस का?"

तो गप्प झाला. रस्त्याचा आवाज नाही, भांड्याचा आवाज नाही.

"भाऊसो, अंगठा काढ," मी म्हणालो.

तिकडं बराच वेळ तो खोकत होता. मग म्हणाला, "उद्या इचारतो."

आता लिहितोय तर ऊन कलतंय. आई चुलीपुढं. आबा वाघर लावतायत, मूठभर माती वर सोडली, ती माझ्याकडं उडाली. मेंढरं आत घेऊन झाली आणि ते तिथंच उकिडवे बसले, एक कान वर करून. मेंढरं रवंथ करायला लागली की असंच बसतात. कोण खोकतं, कोण नाही, ते ऐकतात. मी दहा पावलांवर, घोंगडीवर, डायरी मांडीवर. छातीत गुदगुली झाली. सवयीनं मूठ तोंडावर गेली आणि श्वास धरला.

आबांनी मान वळवली नाही.

"धरू नगंस," म्हणाले. "खोक."

खोकलो.